डावा खांदा

रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

हे 'वन्सं' सवयीनं लिहून बसले आणि मग पेन थांबलं. कोर्टात सह्या होऊन चार महिने झाले. तुझा दादा आता माझा कोणी नाही, मग तू माझी कोण? बावीस वर्षं एका घरात राहिलो, तुला चिडवायला म्हणून जुन्या बायकांसारखं वन्सं म्हणत आले, आता एकदम नावानं हाक मारायची म्हणजे परक्या बाईला हाक मारल्यासारखं होतं. काय लिहायचं ते तूच सांग. तोवर हेच चालू ठेवते. फोनवर तुला नुसती घरघर ऐकू येते, आणि मोबाइलवर काही लिहावं तर तू उत्तरादाखल अंगठा पाठवतेस. म्हणून ही पत्रं.

खोली बरी आहे. खाली रंगाचं दुकान, समोर गोदामाची भिंत. शनिवारी दुपारी दुकानाचं शटर पडतं ते सोमवारी सकाळी उघडतं, आणि मधल्या वेळात मला माझासुद्धा आवाज ऐकू येत नाही. काल दुधाच्या पातेल्याला रागावले, तेव्हा कळलं की आवाज अजून आहे. लॅबमध्ये तरी वेगळं काय? दिवसभर लोकांचे जबडे पुढ्यात घेऊन कवळ्या घासत बसते. वरचे, खालचे, प्लास्टरचे, मेणाचे, पण एक मेला बोलेल तर शपथ. रस्त्यानं चालताना अजून डावीकडे तुझ्यापुरती जागा सोडून चालते. परवा मागून एक रिक्षावाला ओरडला की बाई, रस्ता काय तुमच्या एकटीचा आहे का. एकटीचाच आहे रे बाबा, असं म्हणावंसं वाटलं.

आता मुख्य बातमी. हसायचं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई मेणाच्या हिरड्या कोरते, वय पन्नास. मी तिला मेणबाई म्हणते. ती सुट्टीच्या दिवशी सायकलच्या शर्यतीत उतरते. साधी शर्यत नव्हे, सायक्लोक्रॉस म्हणतात. मैदानात फितीनं आखलेला वाटोळा रस्ता, त्यात चिखल, वाळू, चढ आणि मध्येच आडव्या ठोकलेल्या फळ्या. फळी आली की चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल उचलून पलीकडे उडी मारायची, पुन्हा चढायचं. चढ फारच उभा असेल तिथे मातीच्या पायऱ्या, त्या सायकल खांद्यावर टाकून पळत चढायच्या. मी तिला म्हटलं, खांद्यावरच न्यायची तर सायकल आणता कशाला. ती म्हणाली की हे एकदा पायऱ्या चढून झाल्यावर विचारा. तिची जुनी सायकल मी घेतली आणि सोळा नोव्हेंबरच्या शर्यतीला नाव दिलं.

नाव घेणाऱ्या बाईंनी विचारलं, पडलात बिडलात तर कळवायचं कोणाला. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, या तुमच्या कोण. मागे रांग खोळंबली. शेवटी म्हटलं, घरच्याच आहेत.

तेव्हा आता तुला यावंच लागेल. शर्यतीत प्रत्येकीसाठी कोणीतरी उभं असतं म्हणे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर या खोलीत ठेवायला जागा नाही.

तुझी
(काय लिहू?)


सोमवार, २९ सप्टेंबर

प्रिय वहिनी, वहिनी, वहिनी,

स. न. वि. वि.

तीनदा लिहिलं. मिटला प्रश्न. तुझी सही दादाच्या कागदावर झाली, माझ्याकडे कोणी कागद आणला नव्हता. आणला असता तर पाकीट करून त्यात बटणं भरून ठेवली असती.

अगं पण तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का? सत्तेचाळिसाव्या वर्षी चिखलात सायकल! जिना उतरताना कठड्याला धरणारी तू. सोसायटीच्या गेटाला सायकल धडकवून गेटालाच रागावणारी तू. वाचून मी इतकी हसले की दादानं पेपरातून मान वर केली. एवढीच काय ती गेल्या आठवड्यातली आमची बोलणी. तो पेपर वाचतो, मी त्याच्या ओठांकडे बघत बसते, ओठ हलतील तर कळेल ना. तुझी खुर्ची अजून टेबलापाशीच आहे. तिच्यावर धुतलेले कपडे साठतात, ते मी उचलते, मग खुर्ची दिसते, मग पुन्हा कपडे ठेवते.

कारखान्यात दप्तरांचा हंगाम आहे. दिवसभर खांद्याचे पट्टे शिवते. मशिनांच्या खडखडाटानं नव्या मुलींचे कान किटतात, मला कसला त्रास? माझा उजवा कान तेवढा कामाचा, तोही आता नखरे करायला लागलाय.

येणार, येणार, येणार. हेही तीनदा. शनिवारच्या बसनं येऊन रविवारी फळीपाशी उभी राहीन. तू पडलीस की आधी पोटभर हसेन आणि मग उचलीन. ते घरच्याच आहेत म्हणालीस, त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायला गेले तर पत्र ओलं होईल.

लोभ जुनाच आहे, उसवला तर टाके घालायला मी आहे.

तुझी वन्सं


रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

आज मेणबाईनं मला रेल्वेलाइनपलीकडच्या टेकाडावर नेऊन अक्षरशः घुसळून काढलं. उतरायचं कसं हे शिकायलाच सकाळ गेली. एक पाय आधी मागून फिरवून दोन्ही पाय एका बाजूला आणायचे आणि मग पळत जमिनीवर यायचं. मी पळत येण्याऐवजी लोळत आले. एकदा सायकल पुढे गेली, मी मागे राहिले, आणि ती बया शहाण्यासारखी झाडाला टेकून उभी! मेणबाई हसत नाही. हात देते आणि म्हणते, पुन्हा. तिचा नवरा थर्मास घेऊन कडेला बसलेला असतो. तो आम्हा दोघींना चहा देतो, पण तिच्या कपातला आधी फुंकून बघतो. मी दुसरीकडे बघते.

पायऱ्यांचं मात्र विचारू नकोस. लोखंडाची दांडी खांद्याच्या हाडावर अशी बसते की डोळ्यांपुढे काजवे. खांदा काळानिळा झालाय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पण एक सांगू का? ते दुखणं सोमवारी लॅबमध्ये माझ्याबरोबर येतं. कवळी घासताना हात हलला की ठणकतं आणि मला आठवतं की काल मी कुठेतरी गेले होते. नाहीतर माझे रविवार कुठे जातात कोण जाणे.

तुझ्यासाठी दुसरी उशी घेतली. दुकानदारानं विचारलं, मऊ की टणक. तू टणकच घेतेस ना? ताटही एक जास्तीचं आणलं, मांडून बघितलं आणि वेड्यासारखी त्याच्याकडे बघत जेवले.

बसचं तिकीट आधीच काढ. शनिवारची गर्दी असते. स्टँडसमोर मोठा रस्ता आहे, मी घ्यायला येईन.

माया कमी करू नकोस, उशी परत घेत नाहीत.

तुझी वहिनी (बघ, मीही लिहिलं)


बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

पत्र घाईत लिहीत आहे. सोळा तारखेला येणं जमेलसं दिसत नाही. कारखान्यात काम फार आलंय, आणि गुडघाही धरलाय, बसचा प्रवास झेपणार नाही. पुढच्या शर्यतीला नक्की.

सोबत पार्सल आहे. शर्टात खांद्यापाशी आतून गादी शिवली आहे. दप्तराच्या पट्ट्यात घालतो तो स्पंज, दुहेरी, वर सुती कापड, म्हणजे घामानं चिकटणार नाही. चार बाजूंनी आणि आडवीतिडवी शिलाई मारली आहे, सरकणार नाही.

सांभाळून चालव. रागावू नकोस.

लोभ ठेव.

वन्सं


बुधवार, ५ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि पार्सल पोचलं. काल तुमच्या दादांचा फोन आला होता. दुसरीकडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून केला, असं म्हणाले. सभ्य माणूस आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. सोळा तारखेला त्यांचं लग्न. सह्या आणि मग घरीच चाळीसेक माणसांचं जेवण. मी अभिनंदन केलं. त्यांनीच पुढे सांगितलं की सगळं तुम्हीच बघता आहात, पडदेसुद्धा तुम्हीच नवे शिवलेत.

म्हणजे गुडघा पडदे शिवायला चांगला आहे.

तुम्ही जाऊ नये असं मी कोण म्हणणार? सख्खा भाऊ आहे. तुम्ही गेलंच पाहिजे. सरळ लिहिलं असतंत तर मी एक दिवस रडले असते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला कुठली साडी नेसा ते कळवलं असतं. पण मला खोटं सांगून गप्प बसवायचं, जशी मी कोणी लांबची, हे माझ्या जिव्हारी लागलं. माझी खुर्ची आता कोणाला तरी लागेल, तेव्हा तिच्यावर कपडे ठेवू नका. आणि तिथे आता वहिनी येते आहे, तर मला वहिनी लिहू नका. एका घरात दोन कशाला?

पार्सल उघडलेलं नाही.

कळावे.


रविवार, ९ नोव्हेंबर

वहिनी,

मला फटाफट मारलं असतंस तरी चाललं असतं. तुम्ही म्हणालीस! मला धड ऐकू येत नाही, पण हे कागदावरून दोन्ही कानांनी ऐकू आलं.

खोटं बोलले. भीतीनं बोलले. तुला कळलं की तू लिहिणं बंद करशील, एवढंच डोक्यात होतं. तुझं पत्र आलं की मी ते कारखान्यात डब्याबरोबर नेते आणि जेवताना वाचते, म्हणजे कोणीतरी बोलतंय असं वाटतं. ते बंद झालं तर मी कोणाचं ऐकू? दादाचं लग्न मोडून नवीन जुळलं. माझं तर काहीच मोडलं नव्हतं, तरी माझं माणूस घरातून गेलं. ते कोणाला जाऊन सांगायचं?

घर त्याचं आहे, मी त्यात राहते. आई गेल्यापासून त्याच्या बाजूनं उभं राहायला मी एकटी. तिथे गेले नाही तर त्याच्यामागे रिकामं दिसेल. तुझ्याकडे आले नाही तर तुझ्यामागे रिकामं दिसेल. मी माझे दोन तुकडे कसे करू, तूच सांग. कापायला-शिवायला येतं, पण एवढं नाही येत.

मला वहिनी लिहू नको म्हणतेस. बरं, काय लिहू? मी वरची ओळ कोरी ठेवून बघितली, हात पुढे जाईना. म्हणून वर तेच लिहिलंय. खोडायचं तर तू खोड.

शर्ट मात्र घाल. माझ्यावरचा राग हाडावर काढू नकोस.

वन्सं


रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळ

वन्सं,

स. न. वि. वि. वगैरे सगळं चिखलात गेलं. अंघोळही केलेली नाही, आधी पत्र. या कागदावर जे डाग दिसतील ते मैदानाचे.

खोडलं नाही गं. रात्री पार्सल उघडलं. टाके बघूनच कळलं की तू ते कारखान्याच्या मशिनवर नाही, घरी बसून हातानं घातलेस. मग मी काय रागावणार, कपाळ?

पण वन्सं, कपाळाला हात लावायची पाळी कधी आली, तर सकाळी मैदानावर शर्ट घातल्यावर. गादी डाव्या खांद्यावर! अगं, सायकल घेतात उजव्या खांद्यावर. साखळी सायकलच्या उजव्या अंगाला असते, म्हणून उजव्या खांद्यावर घेतली की साखळी बाहेर राहते. डाव्यावर घेतली की अख्खी साखळी आपल्या पाठीला! एवढी वर्षं पट्टे शिवतेस आणि एवढं विचारायचं सुचलं नाही? मेणबाई म्हणाली, गादी विसरा, शिकलात तसं उजव्यावरच घ्या. मी हो म्हटलं.

पहिल्या फेरीत पायऱ्यांपाशी उतरले, सायकल उचलली, आणि माझ्या हातानं ती डाव्या खांद्यावरच टाकली. गादीवर दांडी टेकली, दुखलं नाही. कडेचे लोक ओरडायला लागले, उजवा, उजवा, ओ ताई, उजवा खांदा! मी प्रत्येक फेरीला डाव्यावरच घेतली. आता पाठीवर साखळीच्या ग्रीसचा काळा पट्टा आहे, मानेपासून कमरेपर्यंत, रेल्वेलाइनसारखा. शर्ट गेला समज.

जुन्या वीटभट्टीचं मैदान होतं ते. लाल चिखल, लोण्यासारखा. पहिल्या वळणावरच सगळ्या बायका पुढे निघून गेल्या आणि मी आणि माझा श्वास एवढेच राहिलो. फळीवर एकदा आपटले. वाळूत सायकल रुतली तेव्हा तिला हातानं ओढत नेली, दुधाच्या पातेल्याला ऐकवलं होतं तेच तिलाही ऐकवलं. प्रत्येकीच्या नावानं कडेला कोणी ना कोणी ओरडत होतं. मी जवळ आले की ते थोडे थांबत, मग बिचारे टाळ्या वाजवत. टाळ्या सगळ्यांना देतात गं. नाव घेऊन नाही.

आणि मग माझी चूक ऐक. तिकडचा नियम असा की पहिली बाई जिंकली की शर्यत संपली. मागच्या सगळ्यांनी आहे त्या फेरीला रेषेपाशी येऊन थांबायचं, राहिलेल्या फेऱ्या माफ. मेणबाईला हे सांगायचं राहिलं, कारण ती कधी शेवटची आलेलीच नाही. मला सांगितलं होतं पाच फेऱ्या. माझ्या चार झाल्या होत्या. रेषेपाशी कोणी हात हलवले, मला वाटलं शाबासकी देतायत. मी हात हलवून पुढे गेले!

वळणापलीकडे गेले तर कोणी नाही. माणसं थर्मास उचलून निघाली होती. माझ्यामागून दोघे जण रस्त्याची फीत गुंडाळत येत होते, म्हणजे मी पुढे जाईन तसा माझ्यामागचा रस्ता संपत होता. पायऱ्यांपाशी उतरले. आता उजवा म्हणायलाही कोणी नव्हतं. सायकल डाव्या खांद्यावर घेतली आणि तिथेच मला रडू कोसळलं. त्या वेळी तिथे सह्या झाल्या असतील, तू नव्या पडद्यांपाशी उभी असशील, मला सगळं दिसत होतं. थांबावंसं वाटलं. कोणाला कळलंही नसतं. पण खांद्यावर ती गादी दाबली जात होती, अशी, कोणी धरल्यासारखी, आणि मी रडत रडत वर चढले. हेंगाडी दिसत असेन. बघायला कोणी नव्हतं ते एक बरं.

रेषेपाशी मेणबाई एकटी उभी होती. नाव घेणाऱ्या बाईंनी टेबल आवरलं होतं. त्यांनी मला धरून बसवलं आणि विचारलं, बरं वाटत नाहीये का, त्या तुमच्या घरच्यांना फोन लावू का. मी म्हटलं, लावू नका, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. आणि आज त्या लग्नाला गेल्या आहेत.

कसं झालं सगळं? खरं लिही. तिला काय म्हणून हाक मारलीस तेही लिही, मी ऐकून घेईन. तुझ्यासाठी ती चांगली असो. हे मनापासून लिहिते आहे, दात आवळून नाही.

पण आधी मला सांग, डावा खांदा तुला सुचला कुठून?

तुझी,
शेवटून पहिली आलेली वहिनी


गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

लग्न नीट झालं. जेवण बरं होतं, पडद्यांचं कौतुक झालं. नवं माणूस चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मला शेजारी बसवून घेतलं, आपणहून वाढलं, दिवसभर माझ्याशी बोलत होती. मी तिला नावानं हाक मारते, तिलाच तसं आवडतं म्हणाली, निदान तिच्या ओठांवरून तसं वाटलं. कारण दिवसभर ती माझ्या डाव्या बाजूला होती. माझ्या मेलेल्या कानाशी एवढं गोड बोलत होती बिचारी, आणि मी मान हलवत होते. कुठला कान चांगला ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. दादाच्या तर आजवर लक्षातच आलेलं नाही. मला सांगता आलं असतं. एक वाक्याचं काम. मी नाही सांगितलं. सांगेन कधीतरी, एका घरात राहायचं आहे. पण त्या दिवशी नाही सांगितलं.

आता खांद्याचं. तू नुसतं खांदा काळानिळा झालाय असं लिहिलं होतंस. कुठला, असा प्रश्न मला पडलाच नाही गं. तू बोललेलं कळावं म्हणून बावीस वर्षं तू माझ्या उजवीकडून चाललीस. रस्ता ओलांडायचा झाला की गाड्यांचे भोंगे मला ऐकू येत नाहीत, म्हणून मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायची. तू निघालीस की मी निघायची, तू थांबलीस की मी थांबायची. तो डावा. गादीचं माप मी टेपनं नाही घेतलं, डोळे मिटून हातानं घेतलं. उजवा खांदा कसा आहे ते मला माहीतच नाही.

तू गेल्यापासून मी कारखान्यासमोरचा रस्ता ओलांडत नाही. लांबच्या सिग्नलवरून वळसा घालून जाते. हे तुला लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

तर त्या खराब झालेल्या शर्टातून गादी उसवून काढ, फेकू नकोस, दुसऱ्या शर्टाला लावून देईन. डावीकडेच लावीन. साखळीच्या बाजूला मेणकापडाचं अस्तर घालते, मग पाठ काळी होणार नाही आणि लोक ओरडले तर ओरडू देत.

एकोणतीस तारखेचं, शनिवारचं तिकीट काढलं आहे. गुडघा उत्तम आहे. स्टँडसमोर मोठा रस्ता आहे असं तूच लिहिलं होतंस एकदा, तेव्हा मी बसमधून उतरून तिथेच उभी राहीन, एक पाऊल पुढे टाकणार नाही. तू ये, आणि माझ्या उजवीकडे उभी राहा.

लोभाचं तेव्हा बघू.

तुझी वन्सं